वेल्सचा नवा नकाशा आणि बंद याद्या

भारताचा पासपोर्ट खिशात आणि वर्क व्हिसा शिक्क्यात असलेला आपला एखादा मराठी इंजिनियर कार्डिफला ऑनसाईट असेल, तर तो तिथल्या विधिमंडळासाठी मत देऊ शकतो. थाप नाही, खरंच. राष्ट्रकुल देशांचे नागरिक कायदेशीर वास्तव्यावर ब्रिटनमध्ये राहत असतील तर त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. वेल्सने तर २०२० च्या कायद्याने मतदानाचं वयही १६ वर आणलं. आपल्याकडे परदेशी राहणाऱ्या भारतीयाला मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून स्वतः बूथवर यावं लागतं, आणि तिकडे कालपरवा आलेला आपला माणूस रीतसर मतदार! म्हणूनच वेल्सचे मतदारसंघ बदलले ही बातमी "आपल्याला काय त्याचं" म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. शिवाय नकाशावरची रेघ सरकली की सत्ता कशी सरकते, हे कळायला याच्याइतकं सुटसुटीत उदाहरण दुसरं मिळायचं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. वेल्सची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची होती साधारण तेवढीच. १९९७ मध्ये सार्वमत झालं, की आम्हाला आमचं विधिमंडळ हवं का? "हो" म्हणणारे ५०.३ टक्के निघाले. फरक फक्त ६,७२१ मतांचा. एवढ्याशा फरकावर १९९९ मध्ये ६० सदस्यांची असेंब्ली उभी राहिली. पुढे तिचे अधिकार वाढत गेले. २०११ च्या सार्वमतानंतर आरोग्य, शिक्षण, शेती, भाषा अशा विषयांवर पूर्ण कायदे करता येऊ लागले, आणि २०१९ पासून आयकराच्या दराचा एक हिस्साही हातात आला. २०२० मध्ये नावही बदललं: 'सेनेद कम्री', म्हणजेच वेल्सची संसद. (इंग्रजीत शेवटी दोन डी लिहितात, पण उच्चार आपल्या 'द'च्या जवळचा. आपल्याला सोपा, इंग्रजांना अवघड!)

काम वाढलं, माणसं मात्र तेवढीच. शेजारच्या स्कॉटलंडच्या संसदेत १२९ सदस्य आहेत. वेल्सपेक्षा लोकसंख्येने कितीतरी लहान असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये ९०. वेल्समध्ये ६०, त्यातले डझनभर मंत्रिमंडळात. उरलेल्यांनी सगळ्या समित्या चालवायच्या, अर्थसंकल्प तपासायचा आणि मंत्र्यांना प्रश्नही विचारायचे. टेस्टिंग टीममधली चारही माणसं डेव्हलपमेंटला ओढली तर प्रॉडक्टचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सदस्य वाढवा हे तिथल्या रिचर्ड आयोगाने २००४ मध्येच सांगितलं होतं, ८० करा म्हणून. २०१७ मध्ये प्रा. लॉरा मॅकअॅलिस्टर यांच्या तज्ज्ञ समितीने ८० ते ९० म्हटलं. "आणखी पुढारी हवेत" असं मतदारांना सांगायला कुठला पुढारी धजावणार? त्यामुळे विषय वीस वर्षं भिजत पडला.

मधल्या काळात नकाशाची वेगळीच गुंतागुंत झाली. जुन्या पद्धतीत ४० सदस्य एकेका मतदारसंघातून निवडून यायचे, आपल्यासारखेच, ज्याला सर्वात जास्त मतं तो विजयी. उरलेले २० पाच मोठ्या विभागांतून पक्षांच्या याद्यांवरून, मतांचं प्रमाण थोडंफार सावरायला. हे ४० मतदारसंघ लंडनच्या संसदेसाठी वेल्समध्ये जे ४० होते तेच. मग २०११ च्या कायद्याने हे दोन नकाशे एकमेकांपासून सोडवले गेले. लंडनच्या संसदेत प्रत्येक खासदारामागे मतदारसंख्या सारखी हवी असा नियम आला आणि २०२४ च्या निवडणुकीत वेल्सच्या जागा ४० वरून थेट ३२ झाल्या. सेनेदचे मात्र जुने ४० तसेच. म्हणजे एकाच घरातल्या माणसाचा खासदार एका नकाशावरचा आणि आमदार दुसऱ्या नकाशावरचा. दोन टेबलांमध्ये एकच डेटा ठेवला आणि एकच अपडेट केला की जे होतं, ते.

शेवटी लेबर पक्ष आणि प्लाइड कम्री या दोघांनी हातमिळवणी केली. असा बदल करायला सेनेदमध्ये दोन तृतीयांश मतं, म्हणजे ६० पैकी ४० लागतात. २०२१ च्या निवडणुकीत लेबरचे ३० आणि प्लाइडचे १३ निवडून आले होते. बेरीज तुम्हीच करा. ८ मे २०२४ रोजी विधेयक ४३ विरुद्ध १६ मतांनी मंजूर झालं. त्यातला मुख्य भाग असा: ६० ऐवजी ९६ सदस्य, मतदारसंघ १६, प्रत्येकातून ६ जण, आणि मुदत पाच वर्षांऐवजी चार. ७ मे २०२६ ची निवडणूक ही या नकाशावरची पहिली.

आता हे १६ मतदारसंघ आखले कसे? इथे खरी इंजिनियरिंगची गोष्ट आहे. नव्याने सीमा आखायला काही वर्षं लागतात. वेळ नव्हता. म्हणून कायद्यानेच सीमा आयोगाला सांगितलं की लंडनच्या संसदेचे जे ३२ मतदारसंघ तयार आहेत, त्यांच्या जोड्या लावा. शेजारचे दोन घ्या, एक करा. ३२ चे १६ झाले, विषय संपला. आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिला आराखडा दिला, डिसेंबरमध्ये सुधारित दिला आणि मार्च २०२५ मध्ये अंतिम निर्णय जाहीर केला. या निर्णयात फेरफार करायची मुभा ना मंत्र्यांना ना सेनेदला, आणि ते फार चांगलं आहे. ज्यांना निवडून यायचंय त्यांच्या हातात पेन्सिल नसावी, हा पहिला नियम.

जोड्या लावायच्या म्हटल्यावर काही छान जुळल्या, काही ओढूनताणून. 'सीर गाइरव्हर्दिन', म्हणजे इंग्रजीतलं कार्मार्थनशर, ही छान जुळलेली जोडी: जुन्या परगण्याचंच नाव आणि लोकांच्या मनातली ओळखही तीच. दुसऱ्या टोकाला 'ग्विनेद माल्डविन' बघा. पश्चिमेला समुद्रात घुसलेल्या ल्लीन द्वीपकल्पापासून पूर्वेला इंग्लंडच्या सीमेपर्यंत, वेल्सच्या आरपार. पश्चिमेच्या टोकाला घरोघरी वेल्श बोलली जाते, पूर्वेकडच्या बाजारपेठा इंग्लंडकडे तोंड करून बसलेल्या. मधे डोंगर. एकाच आमदाराने दोन्हीकडे शनिवारी लोकांना भेटायचं ठरवलं तर त्याचा शनिवार गाडीतच जाणार.

'अनिस मोन' हे बेट म्हणजे आणखी मजेशीर प्रकरण. लंडनच्या संसदेसाठी या बेटाला कायद्याने संरक्षण आहे, मतदार कमी असले तरी मतदारसंघ स्वतंत्र. सेनेदमध्ये मात्र ते सामुद्रधुनीपलीकडच्या बँगर आबेरकॉन्वीशी जोडलं गेलं आणि झालं 'बँगर कॉन्वी मोन'. दक्षिणेतल्या कोळसाखोऱ्यांचीही तीच गत. तिथल्या दऱ्या उत्तर-दक्षिण, एकमेकींना समांतर. प्रत्येक दरीची वस्ती, रग्बीचा क्लब, अभिमान सगळं वेगळं. एका दरीतून शेजारच्या दरीत जायचं तर डोंगर चढून उतरायचा. 'आव्हान ओगुर रॉन्दा' हे नाव वाचताना नकाशात जवळ वाटतं. पायी चालून बघा म्हणजे कळेल.

नावांबद्दल थोडं थांबतो, कारण मराठी माणसाला ते जास्त भिडेल. कायद्यात अट होती की प्रत्येक मतदारसंघाला शक्यतो एकच नाव असावं, जे दोन्ही भाषांत चालेल. आयोगाने शेवटी सोळाच्या सोळा नावं वेल्शमध्येच ठेवली. कार्डिफचे दोन मतदारसंघ आता 'कायर्डीद पेनार्थ' आणि 'कायर्डीद फन्नोन ताव्ह'. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे होते १७.८ टक्के. साहजिकच उरलेल्यांपैकी काहींनी कुरकूर केली की आमच्याच मतदारसंघाचं नाव आम्हाला उच्चारता येत नाही. बंबईचं मुंबई झालं तेव्हा असंच कुरकुरणारे काही लोक होते. जीभ वळते हो, थोडा सराव लागतो! माझी तक्रार वेगळी आहे. 'ब्रखाइन्योग तावे नेद' या नावात ब्रेकन आहे, तावे आहे, नीथ आहे. लंडनच्या ज्या मतदारसंघाला घेऊन ही जोडी बनली, त्याच्या नावात रॅडनरही आहे. नव्या नावात तो गायब. जुन्या परगण्याचं नाव पाटीवरून पुसलं गेलं तर तिथल्या माणसाला काय वाटत असेल, ते कोकणातल्या कुणालाही विचारा. २००९ मध्ये लोकसभेचा 'राजापूर' मतदारसंघ जाऊन 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' झाला. नाथ पै आणि मधू दंडवते यांचं राजापूर आता फक्त जुन्या लोकांच्या बोलण्यात.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. या नव्या नकाशाने साधलं काय?

२०२४ ची लंडनच्या संसदेची निवडणूक घ्या. वेल्समध्ये लेबरला ३७ टक्के मतं मिळाली आणि ३२ पैकी २७ जागा. कन्झर्व्हेटिव्हना १८ टक्के, जागा शून्य. रिफॉर्म पक्षाला जवळजवळ १७ टक्के, जागा शून्य. आणि प्लाइडला १५ टक्क्यांच्या आत मतं असून ४ जागा, कारण ती मतं ठरावीक भागात एकवटलेली. हे पक्ष तुम्हाला आवडोत न आवडोत, दर तीन मतदारांमागे एकाची पाटी कोरी राहणार असेल तर मोजणीची पद्धत चुकतेय. एका जागेच्या मतदारसंघात रेघ या गल्लीतून गेली की त्या गल्लीतून, यावर निकाल फिरतो. म्हणूनच मतदारसंघांची आखणी हा जगभर भांडणाचा विषय असतो.

सहा जागांच्या मतदारसंघात हे कसं बदलतं ते बघू. मोजणी द'होंट नावाच्या पद्धतीने होते, एकोणिसाव्या शतकातल्या एका बेल्जियन माणसाची ही आयडिया. लॉजिक सोपं आहे. प्रत्येक पक्षाच्या मतांना त्याला आधी मिळालेल्या जागा अधिक एक याने भागायचं, ज्याचा आकडा सर्वात मोठा त्याला पुढची जागा. सहा वेळा लूप फिरवा.

समजा १०० मतं आहेत. अ ला ३४, ब ला २८, क ला १८, ड ला १२, इ ला ८. पहिली जागा अ ला (३४). अ चे आता झाले १७. दुसरी ब ला (२८), त्याचे झाले १४. तिसरी क ला (१८). चौथी पुन्हा अ ला (१७). पाचवी ब ला (१४). सहावीसाठी अ चे उरले ११.३, ड चे १२. जागा ड ला. निकाल: अ २, ब २, क १, ड १, इ ०. जुन्या पद्धतीत, एका जागेचा मतदारसंघ असता तर ३४ वाल्या अ ने सगळं नेलं असतं आणि ६६ मतं वाऱ्यावर. आता ड चं एकच मत कमी करून इ ला द्या, म्हणजे ड ११. सहावी जागा अ ला जाईल. म्हणजे साधारण ११-१२ टक्क्यांच्या खाली असलेल्या पक्षाला इथे दार बंद. लहान पक्षांवर अन्याय आहेच, पण आधीच्या मानाने कितीतरी कमी.

महत्त्वाची गोष्ट ही की या गणितात रेघ दोन किलोमीटर इकडे की तिकडे याने फारसं बिघडत नाही. ३४ चे ३३ होतील, बहुतेक वेळा जागा तितक्याच. मतदारसंघ जितका मोठा आणि जागा जितक्या जास्त, तितकी रेघेची ताकद कमी. म्हणून जोड्या घाईत लागल्या, काही विचित्र लागल्या, तरी निकालाच्या न्यायाला फार धक्का लागत नाही. धक्का लागतो तो आपलेपणाला, आणि तो दुरुस्त करता येतो. या सीमा तात्पुरत्याच आहेत. २०३० च्या निवडणुकीसाठी सावकाश, नीट फेरआखणी करायची असं कायद्यातच आहे.

मग माझा विरोध कशाला? बंद यादीला.

नव्या पद्धतीत मतदाराला एकच मत, तेही पक्षाला. (अपक्ष उभा असेल तर त्याला.) पक्ष जास्तीत जास्त आठ नावांची यादी देतो, क्रम पक्षच ठरवतो. तीन जागा मिळाल्या तर वरचे तिघं आत. तुम्हाला पहिला नको असेल आणि चौथी बाई फार कामाची वाटत असेल तरी तुमच्या हातात काही नाही. पहिल्याला न निवडता त्या पक्षाला मतच देता येत नाही. मॅकअॅलिस्टर समितीची पहिली पसंती वेगळी होती: मतदाराने उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम द्यायचा. आपल्या विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हा पसंतीक्रम माहीत असेल. समितीने नको म्हटलं नव्हतं, दोन पक्षांच्या तडजोडीत ते गळालं.

म्हणजे झालं काय, तर सत्ता नकाशा काढणाऱ्याच्या हातातून निघाली, पण मतदाराकडे पोचलीच नाही. ती मधेच पक्षाच्या ऑफिसात थांबली. सुरक्षित मतदारसंघाऐवजी आता यादीतला सुरक्षित नंबर. मोठ्या पक्षाच्या यादीत पहिला असलेला माणूस मतदाराला घाबरणार की यादी बनवणाऱ्याला?

आणि आमदार कोणाचा, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे प्रभाग पद्धतीचा अनुभव ताजा आहे. २०१७ मध्ये पुण्यात एका प्रभागातून चार नगरसेवक होते. पाणी आलं नाही की पहिला म्हणतो दुसऱ्याला विचारा, दुसरा म्हणतो तो भाग तिसरा बघतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आपला प्रभाग आणि वेल्सचा मतदारसंघ यात मोठा फरक आहे. आपल्याकडे चारही जागांची निवडणूक वेगवेगळी, त्यामुळे अनेकदा एकाच पक्षाचं अख्खं पॅनेल निवडून येतं, आणि जबाबदारी वाटली जाते पण पर्याय मिळत नाही. वेल्समध्ये सहा जण दोन-तीन तरी पक्षांचे असणार. लेबरवाल्याने दार लावलं तर प्लाइडवाल्याचं ठोठावता येईल. हा फायदा खरा आहे. पण आपण ज्याचं दार ठोठावतो त्याला आपण नाव घेऊन निवडलेलं असावं, एवढीच अपेक्षा.

आणखी एक गोष्ट निसटली, ती पोटनिवडणूक. नव्या पद्धतीत जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा माणूस येऊन बसतो. खर्च वाचतो, कबूल. पण ऑक्टोबर २०२५ मधली काइरफिलीची पोटनिवडणूक आठवा. १९९९ पासून प्रत्येक वेळी लेबरने जिंकलेली ही जागा प्लाइडच्या लिंडसे व्हिटल यांनी घेतली, रिफॉर्म दुसरा आला आणि लेबर तिसऱ्या नंबरवर फेकला गेला. मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झालं. १९९९ ते २०२१ या काळातल्या एकाही सार्वत्रिक सेनेद निवडणुकीत मतदान ५० टक्क्यांपर्यंत पोचलं नव्हतं, आणि इथे एका जागेसाठी एवढी माणसं बाहेर पडली! सत्ताधाऱ्यांना मधल्या काळात कानफटात मारायची ही एक सोय होती. ती गेली.

यावर समर्थकांचं म्हणणं असं की परिपूर्ण पद्धतीची वाट बघत आणखी वीस वर्षं गेली असती, ४० मतं जमवायची तर तडजोड करावीच लागते. हे मला पटतं. रिलीज पुढे ढकलत राहण्यापेक्षा थोडे बग ठेवून रिलीज केलेलं बरं, फक्त ते बग कुठेतरी लिहून ठेवलेले असावेत आणि पुढच्या व्हर्जनची तारीख ठरलेली असावी. इथे नकाशासाठी तारीख ठरली आहे: २०३०. याद्यांसाठी मात्र तशी तारीख नाही, फक्त निवडणुकीनंतर आढावा घ्यायचा प्रस्ताव मांडायची तरतूद आहे. आणि आढावा घेणार कोण? बंद यादीवरूनच निवडून आलेले लोक. स्वतःच्या नंबराची खुर्ची कोण स्वतःहून मोडेल?

म्हणून माझं मत असं: ९६ सदस्य बरोबर, सहा जागांचे मतदारसंघ बरोबर, वेल्श नावं तर शंभर टक्के बरोबर. २०३० च्या फेरआखणीत डोंगर, दऱ्या आणि लोकांचं रोजचं येणंजाणं बघून सीमा नीट कराव्यात, आणि त्याच वेळी यादी उघडावी. पक्षाला मत द्या, पण त्याच्या यादीतल्या एका नावापुढे खूण करायची मुभाही द्या. युरोपातल्या कितीतरी देशांत हे चालतं, मतदार गोंधळून जात नाहीत. आणि ही मागणी मतदारांनीच लावून धरायला हवी, कारण ज्यांना ती मान्य करायची आहे त्यांचा त्यात तोटा आहे.

तुमचा कुणी मित्र कार्डिफला असेल तर त्याला एवढंच विचारा: तुझ्या मतदारसंघाच्या यादीत पहिल्या नंबरवर कोण आहे, आणि तो पहिला का आहे? सांगता नाही आलं, तर नकाशा कितीही सुंदर असो, मत त्याचं आणि निवड दुसऱ्याचीच. बघा पटतंय का.